त्या घरात बाई जाणार नाही

मिरचीच्या त्या शेठला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कुणाला वाटेल, शेवटी बाईचं मन विरघळलं असेल. नाही विरघळलं. आजही तो बाजारात समोरून आला तर मी रस्ता बदलत नाही, त्याला बदलायला लावते.

माझा धंदा सांगते, म्हणजे भांडण कळेल. वीस-बावीस वर्षं मी नंदुरबारच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. लकव्याचे, मोडक्या हाडांचे म्हातारे पेशंट घरी जायचे आणि महिन्याभरात आणखी बिघडून परत यायचे. घरच्यांना साधं कुशीवर वळवता यायचं नाही. मग मी नोकरी सोडली, एका औषधाच्या दुकानामागची दोन खोल्यांची जागा घेतली आणि पेशंटच्या घरी बाया पाठवायला लागले. बघता बघता नऊ बाया झाल्या. बहुतेक वरच्या, म्हणजे तोरणमाळच्या डोंगराच्या अंगाच्या. घरात पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या, मराठी शाळेपुरती. दोन-दोन महिने त्यांना मी स्वतः शिकवलं. अंग कसं पुसायचं, नळीतून जेवण कसं द्यायचं, साखर कशी तपासायची. चुकलं की ओरडायचे, रडली की चहा पाजायचे. त्या मला मोठी सिस्टर म्हणायच्या.

विम्याचं खूळ माझ्या वर्गमित्राने डोक्यात घातलं. तो विमा एजंट. नंदुरबारात गोदामाचा विमा असतो, ट्रकचा असतो, मोटारसायकलचा असतो. "बाईच्या चुकीचा विमा" म्हटल्यावर मी त्याच्या तोंडावर हसले. तो म्हणाला, "हसू नको बहीन. तुन्ह्या बाईना हाते पेशंटले काही व्हयनं ना, ते कंपनी भरी दी. तुन्हं दुकान बंद पडाव नही." दुकान बंद पडणार नाही, हे मला पटलं. नऊ बायांची चूल माझ्या त्या दोन खोल्यांवर पेटत होती. मी जबाबदारीची पॉलिसी घेतली, आणि घेतली ती घेतली, वर जाहिरातीच्या कागदावर ठळक छापलं: विमा असलेली नंदुरबारची पहिली घरपोच रुग्णसेवा. मिरवायची हौस, दुसरं काय! तीच ओळ मला भोवली.

शेठची आई माझी पेशंट. घर राजस्थानातलं, जैन, पण तीन पिढ्या इथल्या. घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, बँकेत मराठी. शहराबाहेर त्यांची मिरचीची मोठी पथारी आहे, म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. हंगामात त्या बाजूने रिक्षा गेली तरी ठसका लागतो. आईला डाव्या अंगाचा लकवा होता. जीभ जड झाली होती, पण डोकं अगदी जागेवर. सगळे त्यांना बाईसा म्हणायचे. तिथे मी माझी सगळ्यात चांगली बाई दिली होती. वय सव्वीस, दोन लेकरं आश्रमशाळेत, हात असा हलका की इंजेक्शन दिलेलं पेशंटला कळत नसे. बाईसा तिला छोरी म्हणायच्या. छोरी त्यांची वेणी घालायची, आणि बाईसा तिला एका हाताने पापड लाटायला शिकवायच्या. आठ महिने झाले होते. मी त्या घराची काळजी करणं सोडून दिलं होतं.

त्या घरात एक रीत होती. बाईसा रोज सामायिक करायच्या. अठ्ठेचाळीस मिनिटं पांढरं वस्त्र पांघरून, तोंडाला पट्टी बांधून, हातात माळ घेऊन स्थिर बसायचं. आजारामुळे खाली आसनावर बसता येत नसे, म्हणून पलंगावरच, पाठीला लोड लावून, पूर्वेकडे तोंड करून. पूर्व बाजूला पलंगाचा लोखंडी कठडा मध्ये यायचा, म्हणून तेवढा वेळ तो खाली पाडायचा. आणि तेवढा वेळ त्यांना कुणी शिवायचं नाही. घरची सून आंघोळ करून शेजारी बसायची, आणि आमच्या बाईने उंबऱ्याबाहेर थांबायचं. मला ही रीत पहिल्या दिवसापासून खटकली होती. कठडा खाली आणि बाई बाहेर, हे माझ्या शिकवण्यात बसत नव्हतं. पण शेठने ठणकावून सांगितलं, "धरमाची गोष्ट आहे सिस्टर, सून बसते ना!" मी गप्प बसले. तिथे बोलायला हवं होतं. एवढं मी माझ्या पदरात घेते.

त्या दिवशी सुरतेहून पाहुणे आले. दिवस मावळल्यावर त्या घरात कुणी जेवत नाही, त्यामुळे सूर्य बुडायच्या आत सगळ्यांची पानं उठायला हवी होती. बाईसा आधीच जेवून सामायिकाला बसल्या होत्या. सुनेला स्वयंपाकघरातून हाक आली, ती उठून गेली. छोरी उंबऱ्याबाहेर. तिने आतून माळ पडल्याचा आवाज ऐकला. बाईसा माळ घ्यायला वाकल्या असणार. लकव्याचं अंग, तोल गेला आणि कठडा खाली असलेल्या बाजूने त्या फरशीवर आल्या. छोरीने रीत मोडली, धावत आत गेली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडली. घरचे आले तेव्हा त्यांनी काय पाहिलं? बाईसा खाली आणि आमची बाई त्यांच्याजवळ. झालं! शेठच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "हिने पाडली."

मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. ऑपरेशन झालं. मी तीन दिवस दवाखान्यात ठाण मांडून होते. चौथ्या दिवशी शेठ माझ्या खोलीत आला. मला वाटलं, भांडायला आला. तर हा गृहस्थ हसतोय! खुर्चीत बसला, माझाच जाहिरातीचा कागद खिशातून काढला आणि त्या ठळक ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, "सिस्टर, तुमचा विमा आहे. मग आपण भांडायचं कशाला? तुमच्या बाईची चूक झाली एवढं लिहून द्या. दवाखान्याचा खर्च कंपनी देईल. तुमचं काही जात नाही, माझं काही जात नाही." आणि टाईप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, सदर महिला कर्मचारी कर्तव्यावर असताना झोपलेली होती.

झोपलेली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जी बाई आठ महिने त्याच्या आईचं हगणंमुतणं काढत होती, ती झोपलेली होती! मी म्हटलं, "शेठ, तुमची सून कुठे होती?" तो म्हणाला, "घरच्या बाईमाणसांना मध्ये आणू नका." म्हणजे त्याच्या घरची ती बाईमाणूस, आणि माझी ती कोण? मी कागद उचलला, दोनदा घडी घातली आणि त्याच्या खिशात परत खोचला. तेव्हा त्याचं हसू गेलं. "पोलिसात देईन," म्हणाला. "वरची बाई आहे. कोण ऐकणार तिचं?" हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही.

तो गेल्यावर माझा एजंट मित्र आला. त्याच्यापर्यंत बातमी पोचलीच होती. खाली मान घालून म्हणाला, "लिही दे ना बहीन. विमा यानाकरताच तं शे." मी त्याच्यावर अशी खेकसले की दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या बोलण्यात काही नव्हतं असं नाही. सही केली असती तर सगळे मोकळे. शेठ मोकळा, मी मोकळी, दुकान चालू. फक्त छोरीच्या कपाळावर कायमचं लिहिलं गेलं असतं की ही झोपते आणि म्हाताऱ्यांना पाडते. तिला नंदुरबारात, नवापुरात, कुठेच कुणी दारात उभं केलं नसतं. आणि ती स्वतः मला काय म्हणाली? कोपऱ्यात बसून होती, दोन दिवस जेवली नव्हती. म्हणाली, "लिहून द्या सिस्टर. मी वर निघून जाईन. तुमचं दुकान राहू द्या." मी तिच्यावरही ओरडले. "गुमान बस," म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण माझ्या डोळ्यांचा मला भरवसा वाटत नव्हता.

शेठने बोभाटा केला. व्यापाऱ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये टाकलं, लग्नांत सांगितलं, पथारीवर सांगितलं. आठवड्याभरात सहा घरांनी माझ्या बाया परत पाठवल्या. एका घराने तर आमच्या बाईची पिशवी उघडून बघितली आणि मग तिला जाऊ दिलं. सहा बाया माझ्या दोन खोल्यांत भिंतीला टेकून बसल्या. छोरीला कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं. शेवटी ती लेकरांना भेटायला म्हणून वर निघून गेली. इकडे शेठने वकिलाकरवी कंपनीलाच नोटीस धाडली. म्हटलं, बरं झालं. आता कंपनीचा माणूस येईल आणि निकाल लागेल.

कंपनीचा सर्व्हेअर नाशिकहून आला. वाळका, चष्म्यातून वर बघणारा माणूस, काखेत रेक्झिनची बॅग. त्याने सांगितलं की घटना जिथे झाली तिथेच सगळ्यांचे जबाब होतील. मी छोरीला निरोप धाडला. ती सकाळच्या गाडीने घाट उतरून आली, धुतलेली साडी, तेल लावून बांधलेले केस. आम्ही त्या घरात गेलो. शेठने तिला चपला फाटकाबाहेर काढायला लावल्या, माझ्या मात्र दारापर्यंत चालल्या. मी मोजून ठेवलं हेही.

शेठने जबाब दिला, पाठ केल्यासारखा. सून पदर ओढून म्हणाली, "मला काही माहीत नाही." छोरीने सांगितलं ते खरं, पण तिची मराठी अडखळत होती आणि शेठ मध्येमध्ये हसत होता. सर्व्हेअर लिहीत गेला. मग त्याने विचारलं, "पेशंट बोलू शकतात?" शेठ म्हणाला, "तिला काही कळत नाही हो. लकवा आहे." मी म्हटलं, "कळतं. मी वीस वर्षं लकव्याचे पेशंट बघतेय." सर्व्हेअरने पेनचं टोपण उघडंच ठेवलं आणि पलंगाजवळ गेला.

बाईसांनी आधी मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चांगला हात उचलून उंबऱ्याकडे दाखवला आणि एकेक शब्द ओढत काढला. "छोरी बारै ही. म्हैं बिठाई." पोरगी बाहेर होती, मीच बसवली होती. मग हात स्वयंपाकघराकडे गेला. "बहू रसोई में." एवढं बोलून त्यांना धाप लागली. सर्व्हेअरने विचारलं, "पलंगाचा कठडा कोणी खाली करायला लावला?" बाईसांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मी ते पोट भरून बघितलं.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. सेवा देणाऱ्याकडून हलगर्जीपणा झालेला नाही, सबब दावा नामंजूर. मी त्या पत्राच्या प्रती काढल्या आणि सहाच्या सहा घरी स्वतः गेले. चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, पत्र हातात दिलं आणि वाचून होईपर्यंत समोर उभी राहिले. चार घरांनी बाया परत मागितल्या. पिशवी उघडणाऱ्या घराला मी सांगितलं, आधी त्या बाईला सॉरी म्हणा. म्हणाले बिचारे. छोरीला मी दुसऱ्या घरी लावलं, गावातल्या एका डॉक्टरच्याच आईकडे, म्हणजे गावाला दिसावं. तिचं नाव धुतलं गेलं. इथे मी थांबायला हवं होतं, असं म्हणणारे म्हणतील. म्हणोत. त्यांच्या बाईला कुणी झोपलेली म्हटलं नव्हतं.

मला शेठ हवा होता. नाक घासत हवा होता. आणि त्याचं नाक कुठे घासता येईल हे मला पक्कं ठाऊक होतं. हाड मोडल्यानंतर बाईसा पूर्ण अंथरुणाला खिळल्या होत्या. अशा पेशंटला सतत कुशीवर वळवावं लागतं, दिवसातून दहा-बारा वेळा, आणि ते शिकलेल्या हाताने. ऑपरेशननंतर दवाखान्याने महिन्यापुरती दिलेली नर्स परत गेली होती, आणि शेठच्या घरात दुसरा असा हात नव्हता. मी माझ्या नऊ बायांना समोर बसवून सांगितलं, "त्या घरात आपली बाई जाणार नाही. नंदुरबारातली कुठलीच बाई जाणार नाही." गावात माझ्यासारखे आणखी दोघं आहेत, दोघंही माझ्याकडून शिकलेल्या बायाच वापरतात. त्यांना पत्राची प्रत दिली आणि म्हटलं, उद्या तुमच्या बाईवर हेच येईल. नवापुरात एक ओळखीची होती, तिला फोन केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. भीतीने डोलावल्या की माझ्या बाजूने, मला पर्वा नव्हती.

शेठने सुरतेहून बाई मागवली. ती बातमी मला त्याच्याच रिक्षावाल्याकडून कळली. दुपारची गाडी होती. मी फलाटावर जाऊन उभी राहिले. हातात पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, अशी एक मध्यमवयीन बाई उतरली आणि इकडेतिकडे बघायला लागली. मी तिला बाकावर बसवलं, वडापाव खाऊ घातला आणि सगळं सांगितलं. एक अक्षर खोटं सांगितलं नाही. म्हटलं, त्या घरात पेशंट पडला तर खापर तुझ्यावर फुटेल, आणि तुझा तर विमाही नाही. तिने वडापाव संपवला, हात पुसले आणि विचारलं, "परतीची गाडी किती वाजता?" मी तिला गाडीत बसवून दिलं. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मग शेठ आला. त्याच खुर्चीत बसला, पण या वेळी टेकून नाही. "झालं ते झालं सिस्टर," म्हणाला. "दुप्पट घ्या, पण बाई द्या. घरात हाल होताहेत." मी म्हटलं, "पैसा नको. त्या पोरीची माफी मागा. इथे नाही. ती वर तिच्या गावाला असेल तेव्हा तिथे जा, तिच्या आईबापासमोर, पारावर बसून मागा." त्याचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. "मी? तोरणमाळला? तिच्या दारात?" मी म्हटलं, "तुमच्या आईने सर्व्हेअरसमोर खरं सांगितलं, तुम्हाला एवढंही जमत नाही?" तो उठला. जाताना म्हणाला, "देव बघतोय." मी म्हटलं, "बघू दे की! मी काय लपून करतेय?"

छोरीने एकदा विचारलं होतं. डॉक्टरच्या आईकडून ड्यूटी संपवून आली, पाणी प्यायली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सिस्टर, बाईसांना वळवतं कोण?" मी रजिस्टरमधून डोकं वर काढलं नाही. "त्यांचा पोरगा धडधाकट आहे," म्हटलं. "तो वळवेल." तिने परत विचारलं नाही. तिने परत विचारलं असतं तर, असं मी पुढे बरेचदा मनात म्हटलं. पण ते तिच्यावर ढकलणं झालं, आणि तिच्यावर ढकलणारा एक होता तेवढा पुरे.

पाच आठवडे गेले. एका सकाळी शेठची सून माझ्या दारात उभी. एकटी, रिक्षाने आलेली. आठ महिने मी त्या घरात जात होते, पण तिचा चेहरा मी पहिल्यांदा उघडा बघितला. पदर खांद्यावर होता. डोळ्यांखाली काळं, बोटं फिनाईलने सोललेली. मी म्हटलं, "शेठने पाठवलं?" तिने मान हलवली, नाही. बसली नाही. मोबाईल काढून फोटो समोर धरला. "मला वाटलं खरचटलंय," म्हणाली. "मी हळद लावत होते. ते रोज मोठं होतंय."

मी नर्स आहे. फोटो एकदा बघितला की पुरे. कमरेखाली, माकडहाडावर, तळहाताएवढी जखम, कडा काळ्या, आणि मध्ये जे पांढरं दिसत होतं ते हाड होतं. असं एका दिवसात होत नाही. पेशंटला तासन्‌तास एकाच कुशीवर ठेवल्यावर होतं. मला शेठची आठवण झाली नाही त्या क्षणी. मला फलाटावरची ती सुरतेची बाई आठवली, तिचे कॅनव्हासचे बूट.

मी बॅग उचलली आणि तिच्याच रिक्षात बसले. शेठ पथारीवर गेलेला होता. खोलीत शिरताच वास आला. दवाखान्यात वीस वर्षं काढूनही मला तोंडावर पदर घ्यावा लागला. बाईसा निम्म्या झाल्या होत्या. मी आणि सुनेने मिळून त्यांना कुशीवर केलं, जखम धुतली, मेलेलं मांस जेवढं काढता येईल तेवढं काढलं, पट्टी केली. त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही, फक्त चांगल्या हाताने माझ्या साडीचा काठ धरून ठेवला. मी सुनेला डॉक्टरला फोन करायला बाहेर पाठवलं.

आम्ही दोघीच होतो. बाईसांनी माझ्याकडे डोळे वळवले. म्हणाल्या, "म्हैं साची बोली नी?" मी खरं बोलले ना? मी म्हटलं, "हो बाईसा. खरं बोललात. तुमच्यामुळेच पोरगी वाचली." त्या थोडा वेळ श्वास गोळा करत राहिल्या. मग विचारलं, "पछै छोरियां क्यूं कोनी आवै?" मग पोरी का येत नाहीत?

त्यांना वाटत होतं, खरं बोलल्याची ती शिक्षा आहे. मुलाने केलेली, की देवाने, की आम्ही, हे त्यांना कळत नव्हतं. पाच आठवडे त्या भिंतीकडे तोंड करून हाच विचार करत पडल्या होत्या. मी त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, "सुट्टीवर गेल्या होत्या बाईसा. आता येतील." अख्ख्या प्रकरणात मी बोललेलं एकमेव खोटं ते. त्यांनी विश्वास ठेवला, आणि साडीचा काठ सोडला.

छोरीला फोन केला. तिने कारण विचारलं नाही, माफीचं काय झालं हेही विचारलं नाही. "आत्ता येते," म्हणाली, आणि अर्ध्या तासात आली. मीही रोज जायचे पट्टी करायला. शेठ समोर यायचा, मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, तोही बोलला नाही. त्याने छोरीची माफी मागितली नाही. आजपर्यंत मागितलेली नाही. जखम भरली नाही. विष अंगात भिनलं होतं. बाईसा एकोणीस दिवस राहिल्या. शेवटच्या दिवसापर्यंत छोरी त्यांची वेणी घालत होती.

माझं मन म्हणतं, शेठने एक माफी मागितली असती तर त्या जगल्या असत्या. हे खरंच आहे, आणि म्हणूनच मी त्याला सोडणार नाही. पण त्याला रात्री झोप लागते की नाही हे मला माहीत नाही. माझं माहीत आहे.

वर्ष भरलं तसा एजंट मित्र पॉलिसी चालू ठेवायचा फॉर्म घेऊन आला. खूश होता. म्हणाला, "एक बी क्लेम पास व्हयना नही. तुन्हं रेकॉर्ड एकदम साफ शे बहीन." मी एकेक रकाना भरत गेले. बाया किती, पेशंट किती, जागा भाड्याची की मालकीची. खाली प्रश्न होता: मागील वर्षात आपल्या संस्थेच्या कुठल्याही व्यक्तीच्या कृतीमुळे अथवा निष्काळजीपणामुळे कोणत्याही रुग्णास इजा अथवा मृत्यू झाला आहे काय?

बाईसा माझ्या पेशंट राहिल्या नव्हत्या. आमची बाई त्या पाच आठवड्यांत त्या घरात नव्हती. कंपनीच्या हिशेबाने उत्तर एकच होतं. मित्र घड्याळ बघत होता. मी "नाही" लिहिलं, आणि खाली सही केली.